मालकी रानातली बिळे

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची नोकरी करणाऱ्या माणसाला रुजू झाल्यावर थोड्याच काळात एक गोष्ट उमगते, ती ही की, ज्या रानाचा राखणदार म्हणून त्याची तैनाती झालेली असते ते रान बहुतांशी सरकारचे नसतेच. राज्यात इतरत्र राखीव जंगलाच्या हद्दीवर बुरूज असतात, नकाशे असतात, खंडांना क्रमांक असतात. इथे डोंगराच्या माथ्यापासून खाडीच्या काठापर्यंत जे जे हिरवे दिसते ते कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले असते, त्या सातबाऱ्यावर पुष्कळदा पणजोबांपासूनच्या हिस्सेदारांची नावे असतात, आणि त्या हिस्सेदारांपैकी निम्मे तरी मुंबईस असतात. सबब माझ्या नोकरीचा मोठा भाग झाडतोडीच्या अर्जांची चौकशी करण्यात, तोडलेला माल मोजण्यात, वाहतुकीचे परवाने तपासण्यात आणि तत्संबंधी दप्तर राखण्यात गेला. वन्यप्राणी या दप्तरात येई तो बहुधा मेलेला, जखमी किंवा कोणीतरी बंदिस्त केलेला असाच. जिवंत, मोकळे आणि आपल्या जागी सुखरूप असलेले जनावर कागदावर येण्याचे कारणच नव्हते.

खवले मांजर मी प्रथम अशा कागदावरच वाचले. जप्त मुद्देमालाच्या जुन्या यादीत 'खवले, वजन अमुक' अशी एक ओळ होती. ती खवले ज्या देहावर होती त्या देहाविषयी त्या ओळीत काहीच नव्हते. पुढे वनरक्षकाचा वनपाल झालो, चिपळूण, संगमेश्वर आणि खेड या तालुक्यांतले डोंगर पायांखाली घातले, तेव्हा हळूहळू ध्यानात आले की ज्याच्या रक्षणाची शपथ आपण कागदोपत्री वाहतो, तो प्राणी आपल्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ जमिनीच्या पोटात काढतो, आणि त्या जमिनीविषयी आपले सारे खाते जवळजवळ अनभिज्ञ आहे. ही अनभिज्ञता माझ्यापुरती दूर झाली ती एका धनगरवाड्यावरच्या वृद्ध गृहस्थांमुळे. सारा वाडा त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो. म्हशी राखण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि सह्याद्रीच्या त्या कुशीतले ओहोळ, घळी आणि वारुळे त्यांना घरच्या माणसांइतकी परिचयाची होती.

एकदा किंजळ आणि ऐन यांच्या विरळ रानातून उतरत असता मी वाटेवरचे एक उकरलेले भोक पाहून थांबलो आणि हेच का त्याचे घर, असे बाबांना विचारले. त्यांनी काठीचे टोक त्या भोकात घातले. ते हातभर जाऊन अडले. "साहेब, हे घर नव्हे. हे त्याचं जेवणाचं पान," एवढे बोलून ते पुढे चालू लागले आणि थोड्या अंतरावर, एका धोंड्याच्या आडोशाला, उताराच्या ऐन मध्यावर त्यांनी मला दुसरे बीळ दाखवले. पहिले तोंड अरुंद, वाकडेतिकडे आणि घाईने उकरल्यासारखे होते. दुसरे रुंद, गोलसर, नीट कोरलेले, आणि त्याच्यापुढे खालच्या अंगाला ताज्या तांबड्या मातीचा ओटा साचलेला होता. त्या दिवसापासून दोन प्रकारच्या बिळांतला भेद माझ्या डोळ्यांत पक्का बसला. भक्ष्य काढण्यासाठी खणलेली बिळे उथळ असतात. वाळवीचा थर किंवा मुंग्यांचे घर लागले की खणणे थांबते, आणि एका रात्रीत अशी अनेक बिळे पडू शकतात. राहते बीळ निराळे. ते खोल असते, तेथे दिवसभराची निद्रा होते, तेथेच पिलू जन्मते आणि जवळपासचे भक्ष्य संपेपर्यंत, म्हणजे काही आठवडे वा महिने, ते उपयोगात राहते. मग प्राणी दुसरीकडे जातो, आणि पुढे केव्हातरी त्याच जुन्या बिळात परतही येतो. त्यामुळे रिकामे दिसणारे बीळ सोडून दिलेलेच असते असे मानणे युक्त नाही. हे मी पुढे कित्येक मालकांना सांगत आलो.

राहत्या बिळाची खोली जमिनीच्या जातीवर ठरते. भुसभुशीत मातीत ते वीस फुटांपर्यंत आत जाते. खडकाळ जमिनीत पाच-सहा फुटांवरच त्याचा शेवट होतो, आणि शेवटी सुमारे दोन फूट व्यासाची एक कोठडी असते. कोकणात वरचा थर जांभ्याचा. उन्हापावसाने तापून-भिजून घट्ट झालेला हा दगड चिऱ्यांच्या भिंती उभ्या करण्याइतका कठीण असतो, पण त्याच्या खाली बहुधा मऊ, मातकट थर लागतो, हे इथे विहीर खणणारा कोणीही सांगेल. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेला, जिथे जांभ्याचे छप्पर तुटते आणि उतार सुरू होतो, तिथे हा मऊ थर उघडा पडतो; मी पाहिलेली राहती बिळे बहुतेक अशाच जागी होती. यामागचे प्रयोजन पावसाळ्यात कळते. ज्या मुलुखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तिथे सपाटीवरच्या बिळात पाणी साचणार. उतारावरच्या बिळाचे तोंड मात्र झाडाच्या मुळांच्या किंवा धोंड्याच्या आडोशाला असले की पाण्याचे लोट बाजूने वाहून जातात. वैशाखात सडा तापून त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, तेव्हाही त्या कोठडीतली हवा गार आणि दमट राहते. बाहेरच्या ऋतूंचा प्रकोप ज्याला सोसावयाचा नाही त्याने जमिनीत किती खोल जावे, याचा निर्णय या प्राण्याने फार पूर्वी करून ठेवलेला आहे.

बिळात असताना तो आतून मातीने तोंड बंद करून घेतो. वरवर पाहणाऱ्याला त्या जागी केवळ ताजी, किंचित फुगलेली माती दिसते, बीळ दिसत नाही. बाबा अशा ठिकाणी वाकून मातीला हात लावत नसत. लांबूनच बघत, आणि मलाही जवळ जाऊ देत नसत. त्यांच्या या संयमामागे कोणते शास्त्र होते हे त्यांनी कधी सांगितले नाही, मात्र त्यानंतर माझ्या हाताखालच्या वनरक्षकांना मी तेच शिकवीत आलो.

खणण्याची त्याची रीत त्याच्या देहरचनेतच घातलेली आहे. पुढच्या पायांना तीन लांब, वाकडी, बळकट नखे असतात. ती माती फोडतात, आणि सुटलेली माती मागच्या पायांनी मागे ढकलली जाते. जाड शेपूट जमिनीला टेकवून तो अंगाला आधार देतो. याच नखांच्या जपणुकीसाठी चालताना तो पुढचे पंजे आत मुडपून घेतो आणि त्यांच्या बाहेरच्या कडेवर भार टाकतो, त्यामुळे चाल थोडी अडखळल्यासारखी, पाठ कमानदार आणि मान खाली अशी दिसते. अंगावर कपाळापासून शेपटीच्या टोकापर्यंत, कोकणातल्या घराच्या छपरावर कौले बसवावीत तशी एकावर एक बसलेली, पिंगट रंगाची दीडशे-दोनशे खवले असतात. ती ज्या द्रव्याची बनलेली आहेत तेच द्रव्य आपल्या नखांत आणि केसांत आहे. त्याहून निराळे त्यांत काही नाही. हे विधान या लेखात पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून येथेच करून ठेवतो.

दात त्याला मुळीच नाहीत. भक्ष्य वेचायला लांब, चिकट जीभ आहे, आणि तिचे मूळ तोंडात नसून छातीच्या पिंजऱ्याच्या शेवटी, शेवटच्या बरगड्यांच्या जवळपास असते. मुंग्या आणि वाळवी, त्यांची अंडी आणि अळ्या, एवढाच आहार. चघळण्याचे काम पोट करते. गिळलेले बारीक खडे आणि पोटाचे राठ अस्तर यांच्यामध्ये भक्ष्य दळले जाते. वारुळात तोंड घातले की नाकपुड्या आणि कान मिटतात, म्हणजे चावणाऱ्या मुंग्यांना आत शिरण्यास वाट उरत नाही.

हे सर्व पुस्तकात सापडते. जे पुस्तकात सापडत नाही ते मी एका पौषातल्या रात्री, बाबांच्या सांगण्यावरून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका आंब्याच्या बुंध्याशी बसून पाहिले. चांदणे होते. समोर पुरुषभर उंचीचे वारूळ होते आणि त्याच्या पायथ्याशी आदल्या रात्रीची उकर ताजी होती. बराच काळ काही घडले नाही. मग पाचोळ्यातून एक मंद, सतत होणारा आवाज येऊ लागला, ज्यात चोरपावलांची सावधता नव्हती आणि पळणाऱ्या जनावराची घाईही नव्हती. तो आला, थांबला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाक वर करून हवा घेऊ लागला. त्याची दृष्टी अधू आहे, त्याचे जग गंधाचे आहे, हे त्या उभे राहण्यात स्पष्ट दिसत होते. मग तो वारुळाकडे गेला. सारे वारूळ त्याने फोडले नाही. बुडाशी एकाच जागी त्याने नखे घातली, एक मोठे ढेकूळ सुटले, आणि तोंड आत गेले. वाळवीचे शिपाई वारुळाच्या भगदाडाशी गोळा होईपर्यंत तो तिथे राहिला, आणि मग पोट भरण्याच्या पुष्कळ आधीच, असे मला वाटले, तो तेथून निघून पुढच्या जागेकडे वळला. वारूळ जिवंत राहिले. काही दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा वाळवीने ते भगदाड ओल्या मातीने बुजवून टाकलेले होते. जो प्राणी आपल्या अन्नाचे आगर नष्ट करीत नाही, त्या प्राण्यापासून शेतकऱ्याचे नुकसान काय व्हायचे? उलट त्याने उकरलेल्या जमिनीत पाणी मुरते, खालची माती वर येते, आणि सोडलेल्या बिळांत साळिंदर, घोरपड अशा इतरांना आयता आसरा मिळतो. एका बिळाच्या तोंडाशी मी साळिंदराचे काटे पडलेले पाहिले आहेत. रानातल्या पुष्कळ जीवांची घरे या एका अबोल खणणाऱ्याने बांधून दिलेली असतात.

संकट आले की तो पळत नाही. डोके पोटाशी घेऊन, शेपटीने वर वेढा घालून, तो अंगाची गुंडाळी करतो, आणि खवलांच्या धारदार कडा बाहेर येतात. वाघ-बिबट्यांच्या जबड्यालाही ही गुंडाळी सहजासहजी उलगडत नाही. लक्षावधी वर्षे जो उपाय हिंस्र श्वापदांवर चालला, तोच उपाय माणसापुढे त्याचा घात करतो, कारण माणसाला ती गुंडाळी उलगडावयाची नसते. ती उचलायची आणि पोत्यात घालायची असते. त्याला दात नाहीत, तो ओरडत नाही, अंगावर येत नाही. जगात सस्तन प्राण्यांची जी चोरटी वाहतूक चालते तिच्यात या कुळाचा क्रम अगदी वरचा लागतो, याचे एक कारण हा स्वभाव आहे. दुसरे कारण पूर्वेकडच्या देशांतली, विशेषतः चीनमधली, या खवलांना औषधी गुण असल्याची समजूत.

या समजुतीची झळ चिपळूणच्या डोंगरापर्यंत कशी येते, हे मी माझ्या हद्दीतच पाहिले. खबऱ्याकडून वर्दी आली; बनावट गिऱ्हाईक पाठवले; पोलिसांच्या मदतीने एका आडबाजूच्या शेडमध्ये छापा घातला. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात, झाकणाला भोके पाडून, ते जनावर ठेवलेले होते. ज्या तरुणाजवळ ते सापडले त्याच्या घरी भाताची थोडी शेती, काजूची काही झाडे आणि पुष्कळ कर्ज होते. घराकडे जाताना रस्त्यात ते त्याला दिसले, आणि कोणीतरी त्याला सांगितले होते की अशा जनावराचे लाखो रुपये येतात. सांगणारा कोण, घेणारा कोण, हे त्याला धड ठाऊक नव्हते. पंचांसमक्ष पंचनामा झाला. लांबी लिहिली, वजन लिहिले, खवलांचा रंग लिहिला, आणि जिवंत मुद्देमाल ताब्यात घेतल्याची नोंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचे नाव आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच याला आहे, आणि त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. हे त्या तरुणाला मी समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ पिंपाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्या अंगावर असं आहे तरी काय?" ज्या द्रव्याचे आपले नख आहे तेच, असे मी त्याला सांगितले. त्याची आई दाराशी उभी होती. त्या माउलीच्या चेहऱ्याची आठवण होते तेव्हा वाटते, शिक्षेची भीती घालण्यापूर्वी ही एवढी माहिती प्रत्येक घरी पोहोचवणे हे आमचे पहिले कर्तव्य होते.

पिंपातले जनावर जप्त झाले म्हणजे ते वाचले असे होत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो पुरावा असतो. त्याला रानात सोडायचे तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, हुकुमासाठी अर्ज लागतो, अर्जासोबत पशुवैद्यकाचा दाखला लागतो. यांतले काही गैरवाजवी आहे असे मी म्हणत नाही; परंतु ज्याचा आहार मुंग्या-वाळवी एवढाच आहे आणि माणसाच्या सहवासाने जो गलितगात्र होतो, त्याच्या दृष्टीने एकेक दिवस दीर्घ असतो. बंदिस्त अवस्थेत हा प्राणी जगवणे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना कठीण गेले आहे. ओडिशात भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये या जातीच्या संवर्धनासाठी आणि प्रजननासाठी खास केंद्र काढावे लागले, ते याच कारणाने. माझ्या हद्दीतल्या त्या प्रकरणात हुकूम लवकर मिळाला आणि सोडण्यास रात्र झाली होती, या दोन्ही भाग्याच्या गोष्टी. दुसऱ्या एका प्रकरणात कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाईपर्यंत जनावर दगावले. त्याचा पंचनामाही मीच लिहिला, आणि तो लिहिताना हात जड झाला होता. या प्राण्याला एका वेळी बहुधा एकच पिलू होते. जन्मल्यानंतर काही काळाने ते पिलू आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून तिच्याबरोबर हिंडू लागते. संकट आले की आई त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती गुंडाळी करते. ज्या जातीची वाढ एवढ्या मंद गतीने होते तिच्यातून एक मादी उणी होणे म्हणजे काय, याचा हिशेब कोणत्याही मुद्देमाल-नोंदीत नसतो.

सोडताना खरा प्रश्न उभा राहतो तो कुठे सोडायचे, हा. नियमाप्रमाणे योग्य अधिवासात सोडावे, एवढे लिहिलेले असते. योग्य म्हणजे कोणता? माझ्या मते जिथे राहते बीळ खणण्याजोगी मऊ माती आणि उतार आहे, जिथे वारुळे जिवंत आहेत, जिथे पाणी फार दूर नाही, आणि जिथे या उन्हाळ्यात वणवा लागलेला नाही, तो. या चार कसोट्या घेऊन मी माझ्या हद्दीचा नकाशा मनात उलगडला तेव्हा असे ध्यानात आले की, अशा जागा बहुतेक सर्व कोणाच्या तरी मालकीच्या आहेत. आणि त्या दरसाल कमी होत आहेत.

हा उतार कोकणातल्या माणसाच्या दृष्टीने वरकस. तिथे भात पिकत नाही. पूर्वी तिथे नाचणी-वरी होई, राबासाठी कवळ तोडली जाई, गुरे चरत, आणि बाकीचे रान जसे होते तसे राहत असे. आता तेथे आंब्या-काजूची कलमे लावायची तर आधी यंत्र येते. पूर्वी कुदळ-पहारीने खड्डे घेत, तेव्हा दोन खड्ड्यांमधली जमीन अभंग राही. यंत्राने उताराच्या पायऱ्या कापल्या म्हणजे वारूळ आणि बीळ, मुळे आणि धोंडे, सर्व एका दिवसात सपाट होते, आणि आत निजलेले जनावर जागच्या जागी गाडले जाते. त्याची फिर्याद कोणी करीत नाही, कारण त्याला कोणी पाहिलेलेच नसते. वणव्याचे तसेच. गवत जाळले की नवा कोंब चांगला येतो, ही समजूत आगीला निमंत्रण देते. खोल बिळात जनावर कदाचित तगतेही, पण पाचोळा जळतो, त्यातली मुंगी जळते, आणि भुकेलेले जनावर अन्नाच्या शोधार्थ रस्त्यावर आणि वस्तीजवळ येते. रस्त्यावर दिसलेले जनावर उचलणारा हात पुढे असतोच. शिकार हे संकटाचे शेवटचे टोक. त्याचे मूळ त्या उतारावर असते, हे माझे नोकरीअखेरचे मत आहे, आणि ते सौम्य करण्याचे मला कारण दिसत नाही.

मालकी जमिनीतल्या बिळाला हात लावू नये असा हुकूम काढण्याची सत्ता माझ्या पदाला नव्हती. झाडाच्या तोडीसाठी मालकाला माझ्याकडे यावे लागे. माती कापण्यासाठी यावे लागत नसे. तेव्हा जे करायचे ते बोलून, समजावून करायचे होते. संगमेश्वराकडच्या एका मालकांनी, ज्यांना मी काका म्हणत असे, झाडे तोडण्यासाठी अर्ज दिला होता. चौकशीला गेलो असता उतारावर ताज्या मातीचा ओटा दिसला. "काका, एवढा तुकडा सोडता येईल का?" असे मी विचारले. ते लगेच हो म्हणाले नाहीत. कलमे किती लागतील, अनुदान किती, मुंबईचा भाऊ काय म्हणेल, याचा विचार त्यांनी माझ्यासमोरच बोलून केला, आणि तो विचार रास्तच होता. शेवटी ते बिळाशी गेले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळी रात्री गोठ्यामागं यायचं हे. मी लहान असताना पाहिलंय. अजून आहे का आमच्यात!" 'आमच्यात' या उद्गारातच सारे काम झाले. तो उतार त्यांनी ओढ्यापर्यंत सोडला. कलमे वरच्या सपाटीवर, खड्डे घेऊन लावली. त्यांच्या धाकट्या भावाने मुंबईहून फोनवर विचारले की जमीन वाया का घालवता, तेव्हा काकांनी त्याला काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. उतार मात्र मी सेवानिवृत्त होईपर्यंत तसाच होता, आणि पावसाळ्याच्या आधी त्यावर ताजी उकर दिसत असे.

अशी समज एकेका माणसाच्या स्वाधीन न राहता गावाची व्हावी, यासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने फार मोलाचे काम केले आहे. वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांसाठी ज्या संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले, तिनेच पुढे कोकणातल्या खवले मांजरांकडे लक्ष वळवले. गावोगाव सभा घेतल्या, रानात स्वयंचलित कॅमेरे लावले, बिळांच्या जागा नोंदल्या. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावी या प्राण्याचा उत्सव झाला आणि शिमग्यात ग्रामदेवतेची निघते तशी त्याच्या प्रतिकृतीची पालखी निघाली. ज्या समाजात पालखीचा मान म्हणजे काय हे लहान पोरालाही कळते, तेथे हा उपाय शंभर फलकांहून परिणामकारक आहे, असे मला मनापासून वाटते.

दूरच्या जगातही काही पावले पडली आहेत. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत भारतीय खवले मांजर संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. २०१६ मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराविषयी जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत खवले मांजरांच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा ठराव झाला. २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसंहितेतून खवलांचे नाव वगळले. हे निर्णय उशिराचे असले तरी आवश्यक होते. तथापि जोहान्सबर्गच्या ठरावाने संगमेश्वरातल्या उतारावरचे यंत्र थांबत नाही. तिथे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याचाच शब्द अखेरचा असतो.

म्हणून ही विनंती थेट त्याला, आणि मुंबईत किंवा पुण्यात राहून गावच्या जमिनीचा निर्णय फोनवर देणाऱ्या प्रत्येक हिस्सेदाराला आहे. यंत्र सांगण्यापूर्वी एकदा आपला उतार पायी हिंडून पाहावा, किंवा गावातल्या जाणत्या माणसाला पाहण्यास सांगावे. हातभर खोलीच्या उकरी दिसल्या तर समजावे की कोणीतरी रात्री इथे जेवून जाते. रुंद तोंडाचे बीळ, पुढे ताज्या मातीचा ओटा, किंवा नुसतीच फुगलेली माती दिसली, तर तेवढा तुकडा आणि त्याभोवतीची वारुळे अभंग ठेवावीत, कलमे खड्डे घेऊन लावावीत, आणि त्या उतारावर आग लावू नये, लागू देऊ नये. जनावर रस्त्यात, विहिरीत वा घराजवळ आढळले तर त्याला हात न लावता, गर्दी न जमवता, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणी किंमत विचारीत आला तर त्याचीही खबर तिथेच द्यावी.